हुंकार

आमच्या ख्रिस्ती घरांत साफसफाईचा खरा हंगाम नाताळचा. पण दसरा उलटला की साऱ्या आळीत भांडी घासण्याचे, गाद्या झोडपण्याचे आणि माळे उपसण्याचे जे आवाज सुरू होतात, ते ऐकत एकट्याच घराने धुळीत बसून राहणे बरे दिसत नाही. म्हणून आम्हीही दर वर्षी दिवाळीलाच माळा काढतो, आणि नाताळापर्यंत तो स्वच्छच आहे असे धरून चालतो. यंदा माळ्यावर चढायची पाळी माझी होती. एक पितळी परात, कान तुटलेली बरणी, माझ्या पहिल्या कादंबरीच्या न खपलेल्या प्रतींचा गठ्ठा असे एकेक खाली देत असता अगदी कोपऱ्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी हाताला लागले. पुठ्ठा. तपकिरी, घडी घातलेला, कडांना उंदरांनी चाखलेला.

“रद्दीत टाकू का?” खालून यजमानांनी विचारले.

“हात लावू नका!” मी इतक्या जोराने ओरडले की ते शिडी सोडून दोन पावले मागे सरले. शिडीवर मी उभी होते हे त्यांना नंतर आठवले.

तो माझ्या वडिलांचा ग्रामोफोन होता.

वाचक हसतील, पण पुठ्ठ्याचा ग्रामोफोन ही मी कादंबरीतून उचललेली वस्तू नव्हे. ‘गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज’ या नावाची एक संस्था १९३९ मध्ये अमेरिकेत निघाली. जगातल्या लहानसहान बोलीभाषांतून बायबलातल्या गोष्टी तबकड्यांवर भरायच्या आणि जिथे वीज नाही, वाचता येत नाही, तिथे त्या पोचवायच्या, हा तिचा उद्योग. तबकड्या झाल्या, पण वाजवायच्या कशावर? तेव्हा त्यांनी हे पुठ्ठ्याचे यंत्र काढले. उघडले की एक बाजू पाटासारखी खाली बसते, तिच्यावर तबकडी; दुसरी बाजू वर दुमडून तिच्या टोकाची सुई तबकडीवर टेकवायची. तबकडीला एक भोक असते, त्यात पेन्सिल घालायची आणि हाताने फिरवायची. चावी नाही, तार नाही, वीज नाही. पुठ्ठाच थरथरतो आणि पुठ्ठाच बोलतो.

माझे वडील राहुरी तालुक्यातल्या आमच्या खेड्यात शाळामास्तर होते, आणि रविवारी उपदेशक. गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर शास्त्रवाचन चाले. वाचन म्हणायचे एवढेच. बसणाऱ्या दहाबारा बायांपैकी वाचता येणाऱ्या दोघी. त्या काळी, म्हणजे १९८५ च्या आसपास, पेन्सिल फिरवण्याचा मान माझा असे. हळू फिरवली तर संदेष्टा अजगरासारखा घोगरा बोले, जोरात फिरवली तर उंदरासारखा चिरके. मला अर्थातच उंदीर आवडे. वडील माझ्या मनगटाला धरून म्हणत, “देवाच्या माणसाला असं पळवू नये, बाई. त्याला दम लागतो.”

तबकडीची एक बाजू तीनसाडेतीन मिनिटांची असेल. पण त्या तीन मिनिटांना आमच्या ओसरीवर तास लागे. मध्येच वडील माझा हात थांबवीत, पेन्सिल काढून कानावर खोचीत आणि विचारीत, “आता पुढं काय झालं असंल?” मग बाया बोलू लागत. बाप धाकट्या पोराला घरात घेईल की नाही, यावर एकदा एवढे भांडण जुंपले की दिव्यातले तेल संपले आणि त्या पोराला पुढच्या गुरुवारपर्यंत वेशीबाहेरच थांबावे लागले.

मी एकदा वडिलांना विचारले, तुम्ही सारखे थांबवता का? ते म्हणाले, “कीर्तनकाराला समोरून ‘हं’ ऐकू आलं नाही तर त्याला पुढं जाता येत नाही. आजी गोष्ट सांगते, तीसुद्धा हुंकार नसेल तर मध्येच झोपते. ही तबकडी हुंकार मागत नाही, एवढी एकच तिला खोड. म्हणून तो आपण मागायचा.”

वडिलांना हे पुस्तकात सापडले नव्हते. ते आमच्याकडच्या हवेतच होते. ख्रिस्ती मंडळ्यांत कीर्तन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या नगरकडच्या कवींनी पदे रचली, टाळमृदंग हाती घेतले, आणि साहेबी चालींवर अवघडून उभी राहणारी माणसे मांडी घालून डोलू लागली. त्याच्याही पुष्कळ आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता. कारण छापखान्यात खिळे तेवढेच होते. मला या गोष्टीची नेहमी गंमत वाटते. यंत्राला आपली लिपी येत नव्हती, म्हणून आपली भाषा परक्या कपड्यांत आत शिरली आणि देवळादेवळांतून मोठ्याने वाचली जाऊ लागली. मोठ्याने वाचल्यावर कपडे कोण पाहतो?

नगरला १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले तेव्हाही एकाने घ्यावे आणि दहांनी ऐकावे असाच मामला असणार. पुढे १९१२ पासून १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत रेव्हरंड नारायण वामन टिळक त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते. टिळक दांपत्य काही वर्षे आमच्या राहुरीलाच राहत होते. त्यामुळे आमच्याकडे त्यांच्याविषयी बोलताना लोक शेजाऱ्याविषयी बोलावे तसे बोलतात. लक्ष्मीबाईंना लग्नाआधी अक्षरओळख नव्हती आणि पुढे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, हे शाळेत सांगताना माझा आवाज अजून थोडा चढतो. आणि केडगावच्या मुक्तिसदनातल्या बाया! पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे भाषांतर तिथल्याच बायांनी खिळे जुळवून छापले. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पुरा बाहेर आला. ज्यांना घरांनी टाकले होते त्यांच्या बोटांना छापखान्याची शाई लागली होती. यंत्र माणसाच्या हाती कसे असावे, याचे याहून चांगले चित्र माझ्यापाशी नाही.

आमच्या आजीकडून ऐकलेली जादूच्या कंदिलाची गोष्ट मात्र निराळी. मडमसाहेब गावात कंदील आणीत, पांढऱ्या चादरीवर रंगीत चित्रे पडत, आणि सारा गाव, ख्रिस्ती-बिगरख्रिस्ती, झाडून लोटे. पण चित्रांतले सगळे प्रेषित गोरेपान. आजी म्हणे, “आम्हाला वाटायचं, ही सगळी मडमसाहेबांच्या माहेरची माणसं.”

आता माझ्या अपराधाकडे वळते.

दहावीनंतर मी शिकले नाही. आमच्या घरात तिला अजून ‘मॅट्रिक’च म्हणतात. वडिलांच्या मागे शाळेतला बालवर्ग माझ्याकडे आला, रविवारची शब्बाथशाळा आली आणि गुरुवारची ओसरीही आली. रात्री कादंबऱ्या लिहिते, त्या तीन झाल्या. ज्याचे शिक्षण कमी असते त्याला नव्या यंत्राची ओढ फार असते, असे माझे स्वतःवरून मत आहे. डिग्रीवाल्यांना चुकले तरी चालते. आम्हाला मागे पडल्याची सदा धास्ती.

म्हणून २०१७ मध्ये मंडळीच्या बैठकीत प्रोजेक्टर घ्यावा असा धोशा मी लावला. वर्गणी जमली, प्रोजेक्टर आला, आणि ‘उपासना संगीता’तली गीते भिंतीवर उमटू लागली. शहरातून आलेल्या पाहुण्यांनी वाहवा केली. दोनतीन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की गाणे बारीक झाले आहे. आधी मला वाटले पंख्याचा आवाज. मग पाहिले तर उजवीकडच्या रांगांतल्या म्हाताऱ्या गातच नव्हत्या. ज्यांना पन्नास-पन्नास गीते शेवटच्या कडव्यापर्यंत तोंडपाठ, त्या भिंतीकडे तोंड करून गप्प उभ्या. भिंतीवर लिहिलेले म्हणायचे असते, आणि आपल्याला तर वाचता येत नाही, असा त्यांनी हिशेब केला होता. शिवाय यंत्रावर बसलेला पोरगा दुसरे कडवे दाखवायला उशीर करी, तोवर साऱ्या मंडळीने दम धरून थांबायचे.

त्या म्हाताऱ्यांत आत्याबाई होत्या. आत्या कोणाच्या ते आता कोणालाच सांगता येत नाही, सगळ्या गावाच्या. उन्हाने भाजलेला चेहरा, कपाळावर जुने गोंदण, आवाज मात्र खणखणीत. मी त्यांना विचारले, “आत्याबाई, गात का नाही?”

“आता देवाला बी वाचाया येतंय न्हवं,” त्या म्हणाल्या. “आमच्याबिगर चालंल त्याचं.”

प्रोजेक्टर तेव्हापासून नाताळच्या नाटकाला आणि मुलांच्या चित्रांना निघतो. गीतांच्या वेळी भिंत कोरी असते. पण मी त्यातून काही शिकले असे म्हणावे, तर पुढची गोष्ट त्याच्या आड येते.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार आम्ही दारात उभे राहून पाळला. १२ तारखेचा ईस्टर घरात. चर्चच्या दाराला मी जन्मात कधी दिवसा कुलूप पाहिले नव्हते. पाळकसाहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मंडळीचा समूह केला, आणि गुरुवारच्या बायांसाठी मी आणखी एक केला. आम्ही अकराजणी. माझ्या आवाजात उतारा वाचायचा, दोन प्रश्न विचारायचे आणि पाठवून द्यायचे. ज्यांच्या घरात साधा बटनांचा फोन किंवा तोही नाही, त्यांच्यासाठी मुलाचा, सुनेचा, नातवाचा नंबर घातला. अकराच्या अकरा नावे त्या यादीत दिसली तेव्हा मला वाटले, वडील असते तर पाठीवर हात फिरवला असता.

आणि काय प्रतिसाद! मी नऊ मिनिटांचा पाठ पाठवावा आणि तो पोचताक्षणी जोडलेल्या हातांची चित्रे पटापट यावीत. नऊ मिनिटांचे बोलणे कोणी एका क्षणात कसे ऐकले, हा हिशेब बालवर्गातल्या मुलानेही केला असता. मी केला नाही. मी हात मोजत होते. वहीत अकरा खुणा करून ठेवीत होते. मास्तराच्या मुलीला हजेरी प्रिय.

एप्रिल गेला, मे गेला, जून संपत आला. आषाढाची भुरभुर चालू असता मी गिरणीत दळण टाकायला गेले, तर बाहेर सहा हातांवर, तोंडाला पदर बांधून आत्याबाई उभ्या. मला आनंद झाला. मी म्हटले, “आत्याबाई, हरवलेल्या नाण्याचा पाठ कसा वाटला? तुमचे काहीच बोलणे आले नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कंचा पाठ? तू तर आम्हास्नी सोडूनच दिलंस, बाई. म्या म्हनलं, रोगाचं दिस हायेत, आसंल तुला बी भ्या.”

नातू सातवीतला. घरात फोन एक, त्यावर त्याच्या शाळेचे धडे. माझा पाठ आला की तो हात जोडून मोकळा होई; बिचाऱ्याला वाटे, ते चित्र पाठवणे हाच नियम. त्याला मी काय बोलणार? तीन महिने मी एका बाईला हजर मांडत होते, आणि ती आपल्या घरात बसून समजत होती की आपल्याला वगळले. नंतर एकेकीकडे चौकशी केली तर अकरांपैकी खरोखर ऐकणाऱ्या चौघी निघाल्या. त्यांतलीही एक म्हणाली, “भाकरी करताना लावून ठेवते. आवाज असला की बरं वाटतं.”

त्या रात्री मी दळण तसेच ठेवले आणि वहीतल्या खुणा खोडीत बसले. खोडून काही होत नाही हे कळत होते.

मला मध्यंतरी पाहिलेली एक पेटी आठवली. शेजारच्या एका मंडळीला कोणी भेट दिली होती: वर सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी, बाजूला फिरवायचा दांडा, आत सगळा नवा करार मराठीत वाचलेला. वस्तू उत्तम, वाचन स्वच्छ. अशा पेट्या गट करून ऐकाव्यात आणि मग त्यावर बोलावे, या हेतूनेच केलेल्या असतात. पण तिथे बटन दाबले की पेटी अर्धा तास चाले, तिला मध्ये थांबवायचे कोणाला सुचत नसे, आणि विसाव्या मिनिटाला अर्धी मंडळी भिंतीला टेकून घोरत असे. मी तेव्हा मनात हसले होते. माझ्या पाठांचे याहून काय निराळे झाले होते? तिथे निदान घोरणे तरी ऐकू येत होते.

वडिलांच्या रेडिओचीही आठवण झाली. सेशेल्स बेटांवरून ‘फेबा’ या संस्थेचे लघुलहरींवरचे कार्यक्रम १९७० पासून भारतात ऐकू येत. २००३ मध्ये ते तिथून बंद झाले. खरखरीतून आवाज शोधत वडील रात्री रेडिओला कान लावून बसत आणि सकाळी पोस्टकार्ड लिहीत: हे कळले, हे पटले नाही, असे का म्हटलेत? समुद्रापलीकडच्या यंत्रालाही त्यांनी हुंकार दिल्यावाचून सोडले नाही. आणि मला पलीकडच्या आळीतली आत्याबाई ऐकू येत नव्हती.

तोडगा माझ्या भाच्याने काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या एप्रिलअखेरीस एका वेळी आठ जणांना बोलता येऊ लागले होते, पण आमच्या निम्म्या बायांना त्याचा काय उपयोग? भाचा म्हणाला, “आत्या, साध्या बटनांच्या फोनवरूनसुद्धा पाच जणांना जोडता येतं. एकीला लाव, तिला थांबव, दुसरीला लाव, मग दोघींना जोड. असं पाचपर्यंत.” मी आजवर हा पर्याय फोनमध्ये पाहिला होता आणि तो मोठ्या कचेऱ्यांतल्या लोकांसाठी असावा असे समजून सोडून दिला होता. पाच अधिक मी. म्हणजे अकराजणींच्या दोन तुकड्या. एक सात वाजता, दुसरी आठ वाजता. ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्यासाठी घरोघरचे जुने फोन शोधले. आत्याबाईंना माझ्या दिवंगत आईचा दिला. त्याचे मागचे झाकण सुटत असे, म्हणून रबर बांधले. हिरवे बटन तेवढे दाखवले. त्या म्हणाल्या, “पोपटाच्या रंगाचं. कळलं.”

पहिला गुरुवार म्हणजे कोंबड्यांची झुंज. सगळ्या एकदम बोलत. तिसरी जोडताना पहिली तुटे. कोणाच्या घरी कुकर, कोणाच्या घरी नातवंडांचे रडे, एकीच्या घरात आवाजच पोचत नसे म्हणून ती गोठ्यात जाऊन बसली होती आणि तिची म्हैस अधूनमधून आपले मत देत होती. आत्याबाई सारखे विचारीत, “ह्ये कोन बोललं?” मग नियम झाला: आधी आपले नाव सांगायचे, मग बोलायचे. आणि मी वाचत असताना प्रत्येक वाक्याला कोणीतरी ‘हं’ म्हणायचे; म्हणजे फोन चालू आहे हे मला कळेल. हा नियम मी निव्वळ फोनसाठी केला होता. दोन ओळी वाचून झाल्या, पलीकडून आत्याबाईंचा खणखणीत ‘हं’ आला, आणि मी एकाएकी वाचायची थांबले. आमच्या ओसरीवरचा ‘हं’ होता तो; पस्तीस वर्षांपूर्वीचा.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी हरवलेल्या नाण्याचा पाठ पुन्हा घेतला. लूकच्या शुभवर्तमानातली ही गोष्ट अगदी लहान आहे. एका बाईजवळ चांदीची दहा नाणी असतात, त्यांतले एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, ते सापडेपर्यंत शोधते, आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद करते. माझ्या टिपणांत नाण्याची किंमत एका दिवसाच्या मजुरीएवढी असल्याचे लिहिले होते. ते मी मोठ्या ऐटीने सांगितले. मग वडिलांसारखे थांबून विचारले, “तिने दिवा का लावला असेल? दिवस असेल की रात्र?”

“दिसच आसंल,” आत्याबाई म्हणाल्या. नाव सांगायचे विसरल्या, पण कोणी टोकले नाही. “गरिबाच्या घराला खिडकी कुटं आसती? माज्या घराला बी नव्हती. भुई शेनाची, भेगा पडल्याली. बाहत्तरच्या दुस्काळात म्या खडी फोडाया जायची. हप्त्याचा पगार झाला. त्यात दहाची नोट. पदरात बांधली, घरी आले, गाठ सोडली तर नोट न्हाई. भर दुपारी चिमणी लावली मी. समदं घर झाडलं. केरसुनीनं भेगा उकरल्या. रात झाली, चिमणीचं त्याल संपलं.”

“सापडली?” गोठ्यातली विचारती झाली.

“न्हाई.”

फोनवरची शांतता निराळी असते. समोर बसलेले असलो तर कोणी तरी मान हलवते, कोणी पदर सावरते. इथे फक्त लांबवर एक कुकर शिट्टी देत होता. मला काय बोलावे सुचेना. माझ्या टिपणात नाणे सापडते. तिथून पुढे आनंद, मग प्रार्थना, असा क्रम लिहिलेला. सत्तरीच्या पुढची ही बाई त्या आठवड्याची मजुरी अठ्ठेचाळीस वर्षे हरवून बसली होती आणि ही गोष्ट तिने आजवर कितीदा ऐकली असेल! दर वेळी त्या दुसऱ्या बाईचे नाणे सापडत होते.

मग आत्याबाईच म्हणाल्या, “पर शेजारनी आल्या व्हत्या. मी बोलिवल्या न्हाईत, त्याच आल्या, दिवा दिसला म्हनून. त्यातल्या दोघी तुमच्या लोकांतल्या न्हाईत, मराठ्याच्या. माज्यासंगं भुई उकरीत बसल्या. सकाळी जाताना एकीनं वाटीभर सुकडी ठिवली. आनंद न्हाई केला आमी. पर आल्या व्हत्या त्या.”

त्यावर एकेकीने बोलायला सुरुवात केली. कोणाची हरवलेली नोट, कोणाचा परत न आलेला मुलगा, एकीची बहीण. ती बहीण बंदीच्या काळात वारली होती आणि हिला तिकडे जाता आले नव्हते. हे आम्हाला तिने तोवर सांगितलेच नव्हते, जोडलेले हात मात्र नेमाने पाठवीत होती. आठची तुकडी त्या दिवशी झाली नाही. मी त्या पाचजणींना फोन करून सांगितले, आज उशीर झाला. त्या रागावल्या.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. तो दिवाळीचा पाडवा होता. देवळातल्या घंटा आणि आमची चर्चची घंटा गावाने एकाच सकाळी पुन्हा ऐकली. पुढच्या गुरुवारी आम्ही ओसरीवर जमलो, तोंडाला फडकी बांधून, अंतराने. नऊजणी होतो. एक मुलाकडे पुण्याला गेली होती, एक पडून होती, कमरेचे हाड मोडून. मी वाचायला पुस्तक उघडले तेवढ्यात आत्याबाईंनी कनवटीचा रबर बांधलेला फोन काढला आणि मध्ये चटईवर ठेवला.

“त्या दोघींस्नी लाव की,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तो प्रघातच पडला. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत दारे पुन्हा बंद झाली ती ऑक्टोबर २०२१ मधल्या घटस्थापनेला उघडली; आमच्या गुरुवारला त्याने खंड पडला नाही. आता पुष्कळांच्या हाती मोठे फोन आले आहेत. मराठी बायबल त्यावर वाचता येते, ऐकता येते, आणि मला स्वतःला एखादा संदर्भ शोधायला त्याचा फार उपयोग होतो. खोटे कशाला बोलू? पाठाचे ध्वनिमुद्रण मी अजून पाठवते, पण तीन मिनिटांचे, आणि ते अर्ध्यात तोडून. पुढे काय झाले असेल ते गुरुवारी सांगायचे. यंदा बाया त्यावर विहिरीवरच भांडून येतात अशी तक्रार आहे.

वडिलांचा पुठ्ठा मी पुसून घेतला. सुई गंजली होती. शिवणाची एक बसवून पाहिली. तबकडीला कडेपासून चीर गेली आहे, त्यामुळे दर फेऱ्याला टक् असा आवाज होतो, पण माणूस बोलतो. रविवारी मुलांसमोर लावला. पेन्सिल फिरवायला रांग लागली आणि अर्थातच सगळ्यांना उंदीरच आवडला.

दिवाळीतल्या गुरुवारी सुट्टी द्यावी असे मी परवा सुचवून पाहिले. शेजारपाजारच्या घरांतून फराळाची ताटे येणार, आमच्याही बाया कोणाच्या चकल्या पाडायला, कोणाच्या करंज्या भरायला गेलेल्या असणार. आत्याबाईंनी ऐकून घेतले. म्हणाल्या, “चकल्या तळताना कानाला काय काम आसतं? तू फोन लाव. आन् त्या कडईचा आवाज आला तर ‘हं’ समज.”